साठ पट वाकलेला पूल

माझ्या वडिलांना पडताना मी पाहिलं ते कंपनीच्या ऑफिसात, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर, निळ्याहिरव्या रंगात. ज्याने ते दाखवलं त्याने आधी आम्हाला चहा घेणार का म्हणून विचारलं. आईने घेतला. तिला कोणालाच नाही म्हणता येत नाही, समोरच्याने नवऱ्याचा पाय खाल्ला असला तरी.

बाबा खाडीतल्या एका खाजगी जेटीवर कामाला होते. रेवसकडून आत आलं की खाडीच्या काठाने अशा जेट्या लागतात. बार्ज येतात, माल उतरतो, काळी धूळ आमच्या गावांवर बसते आणि आम्ही तिला रोजगार म्हणतो. बाबांचं काम बार्जचे दोर घेऊन खुंटांना बांधायचं. जेटीला लागून एक तरंगता फलाट आहे, त्याला सगळे पॉन्टून म्हणतात. भरतीला तो वर चढतो, सुकतीला खाली जातो. म्हणून जेटीपासून त्याच्यापर्यंत एक लोखंडी पूल टाकलेला, जेटीच्या बाजूला बिजागरीवर अडकवलेला. सुकतीच्या वेळी तो पार उतरता होतो. अशाच एका सुकतीला बाबा खांद्यावर दोर घेऊन पुलाच्या मधोमध असताना बिजागरी तुटली. पूल गेला, बाबा गेले, आणि पॉन्टून आणि जेटीची भिंत यांच्यामधे त्यांचा उजवा पाय आला. गुडघ्याखाली तो आता नाही.

शुद्धीवर आल्यावर ते एकच बोलले. "मला काय दिसलं न्हाय. पायाखालचं गेलं." नर्सला तेच, पोलिसाला तेच, केळी घेऊन भेटायला आलेल्या प्रत्येकाला तेच. लोक हिरमुसायचे. लोकांना अपघाताची गोष्ट हवी असते, आधी करकर आवाज झाला, मग मी मागे वळून पाहिलं, असं काहीतरी. बाबांकडे गोष्ट नव्हती. होतं ते खरं होतं.

कंपनीने चौकशी लावली. प्रश्न साधा, चूक कोणाची. बिजागरी खाऱ्या हवेने आतून खाल्ली होती आणि ती कोणी तपासली नव्हती असं ठरलं, तर चूक कंपनीची. मग बाबांना गेटवर बसून करायचं काम मिळणार होतं. पूल धोक्यात आहे हे दिसत असून ते त्यावर उभे राहिले असं ठरलं, तर चूक बाबांची, आणि घरी बसा. बाबांना काम हवंच होतं. पण त्याहून जास्त त्यांना स्वतःचं ते वाक्य शाबूत हवं होतं. उभं आयुष्य दोर बांधण्यात घालवलेल्या माणसाला कोणी बेसावध म्हणू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी ऑफिसात आम्ही तिघं, समोर कंपनीचा सेफ्टी साहेब आणि त्याने बाहेरून आणलेला एक इंजिनियर. सेफ्टी साहेब बाबांना काका म्हणायचा. काकांना खुर्ची द्या, काकांना पाणी द्या, काकांच्या कुबड्या नीट ठेवा. गोड बोलून गळा कापणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत, पण हा कापताना खाली टॉवेलही धरणारा होता.

मग इंजिनियरने खटका दाबला. स्क्रीनवर आमचा पूल आला. मधोमध एक करडा ठोकळा, म्हणजे माझे वडील. पूल हळूहळू वाकायला लागला. भिजलेल्या पापडासारखा मधे खचत गेला. बिजागरीपाशी आधी हिरवा, मग पिवळा, मग लालभडक झाला, आणि तो लाल रंग पुलावरून ठोकळ्याच्या दिशेने सरकत आला. ठोकळा जागचा हलला नाही. शेवटी बिजागरी सुटली आणि पूल कलंडला. हे सगळं आईचा चहा अर्धा होईपर्यंत चाललं होतं. आणि संपल्यावर चित्र थांबलं नाही, उलटं चालू झालं. ठोकळा पाण्यातून वर आला, बिजागरी जुळली, लाल ओसरला, पूल सरळ झाला. आणि परत वाकायला लागला.

सेफ्टी साहेबाने हात पसरले आणि बाबांना प्रेमाने विचारलं की काका, एवढा वेळ होता, तुम्ही का नाही हो उतरलात?

आता माझी पंचाईत सांगते. मी पोटापाण्याला हेच काम करते. नवी मुंबईत आमचं ऑफिस आहे. कोणाची टाकी, कोणाचा पाइप, कोणाचं स्टँड किती भाराला तुटेल ते आम्ही संगणकावर काढतो आणि मग गिऱ्हाइकाला ते हलतं करून दाखवतो. लोखंडाची गंमत अशी की ते तुटण्याआधी फार थोडं वाकतं. केसाएवढं, नखाएवढं. डोळ्याला ते दिसतच नाही. म्हणून सॉफ्टवेअर ते आपणहून वाढवून दाखवतं, कधी दहा पट, कधी शंभर पट. न वाढवता दाखवलं तर गिऱ्हाईक म्हणतं, संगणक अडकला का? मग वेग. जे पापणी लवायच्या आत होतं ते ताणून ताणून लांबवायचं, कारण माणसाला बघायला वेळ लागतो. रंगही असेच. जिथे ताण कमी तिथे निळा, जिथे जास्त तिथे लाल. लोखंड लाल होत नाही. आणि चित्र संपलं की काय करायचं, थांबायचं, पहिल्यापासून लावायचं की उलटं फिरवायचं, तेही आपल्याच हातात. गिऱ्हाइकांना उलटं फिरवलेलं आवडतं. तुटलेलं जुळताना बघायला कोणाला आवडणार नाही.

स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, साठ असा आकडा होता. म्हणजे पूल साठ पट वाकवून दाखवला होता. मी उठून तिथे बोट ठेवलं. इंजिनियरने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मला कळतं. तो कसनुसा झाला. दिसावं म्हणून करतात मॅडम, तुम्हाला माहीतच आहे, असं पुटपुटला. मी म्हटलं, मला माहीत आहे, यांना सांगा. त्याने सेफ्टी साहेबाकडे पाहिलं आणि नाही सांगितलं.

मी म्हटलं, साठाच्या जागी एक करा. आणि वेग खरा ठेवा, जेवढ्यात घडलं तेवढ्यात दाखवा. सेफ्टी साहेबाने मोठ्या मनाने परवानगी दिली. त्याला कदाचित माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

इंजिनियरने दोन ठिकाणी क्लिक केलं. पूल सरळ उभा होता. मग नव्हता. मधे काहीही नाही. वाकणं नाही, खचणं नाही, रंग एकदा लुकलुकला तेवढाच. उलटं फिरवायचं त्याने बंद केलं नव्हतं, त्यामुळे पूल परत आला, परत गेला, परत आला. आमच्याकडे वाऱ्यापावसात लाइट जाते-येते तशी ती गत.

"यात काय दिसलं, मॅडम?" सेफ्टी साहेब म्हणाला.

आणि आईने कप खाली ठेवून, अगदी मनापासून, सांगितलं, "खरंच गं, काय दिसलं न्हाय."

बाबांचं वाक्य माझ्या आईने शब्दाला शब्द म्हटलं आणि ते कंपनीच्या पदरात पडलं. तिथे बसलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की हाच तर पुरावा आहे. दिसलं नाही म्हणजे दिसणं शक्यच नव्हतं. मी ते दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा ओरडून. सेफ्टी साहेबाने मान डोलावली आणि इंजिनियरला पहिलं चित्र परत लावायला सांगितलं, कारण ते बघायला बरं होतं. बाबा त्या करड्या ठोकळ्याकडे बघत होते. मला आईचा राग आला होता. अजून येतो.

पुढच्याच आठवड्यात कंपनीने ते चित्र बाबांच्या मोबाइलवर पाठवलं. सोबत प्रेमाचा निरोप, की चौकशीच्या आधी काकांना नीट समजावं म्हणून. चौकशी अजून महिनाभर लांब होती. व्हिडिओ कडेने कापला होता, साठाचा आकडा त्यात नव्हता. मोबाइलवर तो संपला की आपोआप परत चालू व्हायचा. बाबांचा दिवस खाटेवर जायचा आणि खाटेवर मोबाइलशिवाय दुसरं काय असतं? मी शनिवारी करंजाहून तरीने, म्हणजे लाँचने, रेवसला उतरून घरी यायचे तेव्हा ते उशीला टेकून तेच बघत असायचे. वाकतो, लाल होतो, पडतो. उठतो, निळा होतो, सरळ. आईने सांगितलं, जेवताना पण समोर ठेवतात.

मग वस्तीने बघितलं. रविवारी विहारात वंदना झाली की माणसं आमच्या पडवीत बसायला यायची, आजारी माणसाची चौकशी म्हणून. मोबाइल हातोहात फिरायचा. बाबांना बघायला आलेले लोक बाबांकडे पाठ करून बाबांना पडताना बघायचे. कोणी म्हणायचं, अरे बापरे. कोणी म्हणायचं, एवढा वाकतोय तर माणूस उडी नाही का मारणार. एकाने बुडत्याचा पाय खोलात अशी म्हण टाकली आणि पाय हा शब्द आल्यावर जीभ चावली. बाकीचे हसले. बाबाही हसले.

सगळ्यात वाईट गुरुजी. निवृत्त प्राथमिक शिक्षक, आमच्या वस्तीतला पहिला शिकलेला माणूस. कोणाच्या घरात काय करावं हे आजही त्यांना विचारून ठरतं. मलाही बीजगणित त्यांनीच शिकवलं. त्यांना मोबाइलवर चित्र बोटाने थांबवता येतं याचा शोध लागला होता. ते थांबवायचे, सरकवायचे, परत थांबवायचे. वर्गात फळ्यावर दाखवावं तसं करंगळीने दाखवायचे. हा बघ, इथे पूल वाकायला लागला. हा इथे रंग पालटला. इथे तुला कळायला हवं होतं. इथे दोर टाकून द्यायचा. इथे जेटीकडे वळायचं. इथपर्यंत वेळ होता तुला, बाळा. इथे मात्र गेला. बाबा त्यांच्याहून थोडेच लहान, पण वर्गातल्या पोरासारखे मान हलवायचे.

मी गुरुजींना समजावलं. साठ पट म्हणजे काय, वेग म्हणजे काय, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग संगणक खोटं दाखवतो का? मी म्हटलं, खोटं नाही, वाढवून दाखवतो. ते म्हणाले, म्हणजे वाकला तर होता. मी म्हटलं, केसाएवढा. ते म्हणाले, पण वाकला होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते यालाच. मी त्यांना सांगितलं की तुम्ही आमच्या घरी परत येऊ नका. आईने माझ्या वतीने त्यांची माफी मागितली आणि पुढच्या रविवारी ते आले.

मी मग माझ्याच हत्याराने लढायचं ठरवलं. पुलाची मापं मिळवली, बिजागरीचा तुटलेला तुकडा ज्याने उचलून ठेवला होता त्या कामगाराकडून त्याचे फोटो मागवले आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर पूल उभा केला. रंग काढून टाकले. आपला पूल पिवळ्या ऑइलपेंटचा होता, तसा पिवळा केला. पट एक. वेग खरा. उलटं फिरवणं बंद, एकदाच चालेल आणि संपेल. ठोकळ्याच्या जागी दोन पायांचं माणूस ठेवलं. माझ्या ऑफिसात असलं नीटस काम मी कोणासाठी केलं नाही.

बाबांना बाजूला बसवून दाखवलं. पूल होता, नव्हता. त्यांनी सांगितलं, परत लाव. परत लावलं. परत लाव. लावलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, बाबा, तुम्ही पहिल्या दिवसापासून जे सांगत होता ना, ते हे. कोणालाही उतरता आलं नसतं. भिंगाखाली मुंगी खेकड्याएवढी दिसते, म्हणून काही ती चावल्यावर बोट तुटत नाही. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हाताने मिटलं आणि म्हणाले, कळलं.

कळलं म्हणाले म्हणून मी पाठ करून घेतलं. साहेब, ते साठ पट वाढवून दाखवलंय. साहेब, तो रंग संगणकाचा आहे. साहेब, मला काही दिसलं नाही. ते माझ्यामागून म्हणायचे. उच्चार चुकले तर मी परत म्हणायला लावायचे. शेवटी शेवटी ते न अडखळता म्हणत होते. मी निर्धास्त झाले. मोबाइल मात्र त्यांनी हातातला सोडला नाही, आणि मीही त्यावर वाद घातला नाही, कारण एवढ्या मोठ्या माणसाच्या हातातून काय काय काढून घ्यायचं?

चौकशी त्याच ऑफिसात झाली. चौकशी अधिकारी म्हणून कुठूनसे निवृत्त झालेले एक गृहस्थ नेमले होते, कंपनीनेच. बाजूला टाइप करणारा क्लार्क, समोर सेफ्टी साहेब आणि तो इंजिनियर. बाबांसोबत एक माणूस चालेल म्हणाले, तर मी बसले, आई बाहेर. मी माझा लॅपटॉप उघडला तसा अधिकाऱ्याने विचारलं की हे कोणी बनवलं? मी म्हटलं, मी. तुम्ही यांच्या कोण? मुलगी. त्याने मायेने सांगितलं की मग ते राहू द्या. माझ्या पंधरा वर्षांच्या शिक्षणाची आणि नोकरीची किंमत एका नात्यात झाली. कंपनीच्या पैशाने कंपनीने आणलेल्या इंजिनियरने बनवलेलं चित्र मात्र निःपक्षपाती होतं. ते भिंतीवर लावलं गेलं.

दिवे मालवले नव्हते, पण मला अंधारात बसल्यासारखं वाटत होतं. बाबा डोळे न हलवता बघत होते. महिनाभर जे हातात बघितलं ते आता भिंतीएवढं. एकदा वाकून पडलं, जुळलं, दुसऱ्यांदा पडलं. अधिकाऱ्याने ते पूल सरळ असताना थांबवायला सांगितलं आणि बाबांना विचारलं की त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं ते तुमच्या शब्दांत सांगा.

मी ओठ हलवले. पहिलं वाक्य, साठ पट.

बाबा म्हणाले, "वाकत व्हता, साहेब. बिजागरीपासनं लाल चढत आला. मी बघितला. उतराया पायजे व्हतं, मी न्हाय उतरलो."

सेफ्टी साहेबालासुद्धा एवढं अपेक्षित नसावं, त्याने पेन खाली ठेवलं. मी उभी राहिले. मी म्हटलं, लाल रंग सॉफ्टवेअरचा आहे, लोखंड लाल होत नाही, त्या पुलाला पिवळा रंग होता, बाहेर जाऊन बघा, अर्धा अजून तिथे पडलाय. ज्या माणसाला पूल लाल झालेला आठवतो त्याला अपघात आठवत नाही, तुमचा व्हिडिओ आठवतो. हे सोपं होतं. बालवाडीतल्या मुलालाही कळलं असतं. त्या इंजिनियरला कळलं, कारण त्याने मान खाली घातली. अधिकाऱ्याने मला बसायला सांगितलं आणि बाबांना परत विचारलं की तुमच्यावर कोणी दबाव टाकला आहे का? बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, न्हाय.

क्लार्कने जबाब वाचून दाखवला. पूल वाकत असल्याचे मला दिसले होते. मी वेळेत उतरलो नाही. लाल कुठेच नव्हता. मी विचारलं, ते लाल चढत आला म्हणाले ते का नाही लिहिलं? अधिकारी म्हणाला, साधारण आशय घेतला आहे. त्याला कळलं होतं, नक्की कळलं होतं. वेडं वाक्य काढून शहाणं ठेवलं की जबाब कसा स्वच्छ दिसतो. बाबांनी सही केली. आमच्या घरात त्यांची सही सगळ्यात सुंदर आहे, आणि तिथेही त्यांनी ती सावकाश, खालची रेघ ओढून केली. सेफ्टी साहेब त्यांना दारापर्यंत धरून सोडायला आला.

परतताना मिनिडोर रिक्षामधे आम्ही तिघंच होतो. आई विचारत होती काय झालं, आणि मी तिला सांगितलं, तुझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी घालवली, जा. ती रडायला लागली. आपलंच नाणं खोटं, असं मी म्हणाले, आणि हे मी बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. मला त्यांना लागायला हवं होतं. कंपनीला काही लागत नव्हतं, गुरुजींना लागत नव्हतं, मग कोणाला तरी लागू दे.

ते बाहेर मिठागरांकडे बघत होते. मी विचारलं की मी एवढं पाठ करून घेतलं होतं, तुम्ही म्हटलंही होतं कळलं म्हणून, मग हे काय केलंत? तुम्हाला खरंच वाटतं की तो पूल लाल झाला होता?

"न्हाय झाला," ते म्हणाले. "पिवळाच व्हता. मला काय येड लागलंय?"

मी त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असं धरून चालले होते, तेच मी तिथे भांडून सांगितलं होतं, आणि ते शुद्धीवर होते. मी विचारलं, मग का?

ते कुबड्यांच्या रबरावर अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता, दमलेल्या माणसाच्या आवाजात, बोलले.

"तुझ्या त्या पिक्चरमधी मला उतराया येळच न्हाय गावत, पोरी. कितींदा बी लाव. त्यांच्यात गावतो. दोर टाकतो, वळतो, चालत जेटीवर जातो. रोज जातो मी."

आईला ते कळलं नाही, ती रडतच होती. मला कळलं. त्यांना चूक हवी होती. चूक असली तर पाय वाचला असता असा एक दिवस कुठेतरी असतो, आणि मी त्यांना सप्रमाण, खऱ्या वेगाने, दाखवून देत होते की तो दिवस नाही. कंपनीने त्यांना तो फुकट दिला होता. बदल्यात त्यांनी एक सही दिली.

लॅपटॉप मांडीवर होता, तो उघडून मी आमचा पिवळा पूल पुसून टाकला. बाबांनी खिशातून मोबाइल काढला होता.